विठूमामांचा कावळा

एका गालाला साबण लावून झाला होता आणि दुसरा अजून कोरडा होता, एवढ्यात मुंबईत कांदेवाडीच्या कोपऱ्यावरचा काशीराम न्हावी म्हणाला, "मामांचं वर्षश्राद्ध आलं असेल आता." हरिश्चंद्राने डोळे मिटले. काशीरामला ते दुःख वाटलं. तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "गेल्या साली मिशी मीच उतरवली होती ना तुमची. तुम्ही असे हुंदके देत होता की वस्तरा कुठे ठेवावा कळेना." हरिश्चंद्राने आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "मामा बरे आहेत." वस्तरा हवेत थांबला. "बरे म्हणजे?" "म्हणजे जिवंत आहेत. जेवतात, झोपतात, कौलं विकतात." काशीरामने जरा विचार केला. "मग मी मिशी उतरवली ती कशापायी?" हरिश्चंद्राने दुसरा गाल पुढे केला. दुसऱ्या गालाला साबण लागला, दाढी झाली, काशीरामने तोंडावर पाणी मारलं, आणि तेवढ्या वेळात हरिश्चंद्राचा वर्षभर थंड बसून राहिलेला राग उठून उभा राहिला. "मिशीपण काढा," तो म्हणाला. "आता कोण गेलं?" "मी." मेलेल्याने स्वतःची मिशी काढायची नसते, एवढं शास्त्र काशीरामला ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो, हेही ठाऊक होतं. त्याने मिशी काढली.

गेल्या सालची हकीकत अशी. इंटरची परीक्षा तोंडावर असताना रत्नागिरीहून एक कार्ड आलं. 'तुझे मामा काल दुपारी वारले. दहन झाले. येण्याची तसदी घेऊ नये, परीक्षा बुडवू नये. वाचून फाडावे.' अशुभाचं पत्र घरात ठेवत नाहीत, म्हणून हरिश्चंद्राने ते चाळीच्या जिन्यात उभं राहून वाचलं, फाडलं आणि तिथेच पायरीवर बसला. कार्ड मामांच्याच अक्षरात होतं. ही गोष्ट दुःखाच्या भरात त्याच्या ध्यानात आली नाही. मामी निरक्षर, घरात तिसरं माणूस नाही, तेव्हा मामांच्या मरणाची बातमी मामांवाचून लिहिणार तरी कोण, असा काहीसा समंजसपणा त्याच्या मनाने आपला आपणच करून घेतला असावा. मामाचं सुतक भाच्याला तीन दिवसांचं, त्याने स्वखुशीने दहा दिवसांचं धरलं. बाप पाळण्यात असताना गेला, आई सहाव्या वर्षी गेली, आणि ह्या माणसाने रत्नागिरीत मांडवीवरच्या आपल्या घरात त्याला मॅट्रिकपर्यंत वाढवला. वाढवला म्हणजे, मंगळुराहून गलबतांतून येणारी कौलं मामा जशी बोटाच्या पेराने वाजवून बघत, तसं दर शनिवारी त्याचं डोकं वाजवून बघत आणि म्हणत, "हरश्या, अजून कच्चा आवाज येतो रे." पोटचं पोर नसलेल्या माणसाचा लाड करण्याचा एवढाच प्रकार होता. त्या टकटकीची आठवण येऊन हरिश्चंद्र दहा दिवस रडला. मामीला चार पानी पत्र लिहिलं, त्यातली दोन पानं नुसती शाई पसरलेली होती. परीक्षा मात्र बुडवायची नाही, ही मेलेल्याची आज्ञा, म्हणून डोकं तासून मंडपात जाऊन बसला. तर्कशास्त्राच्या पेपरात पहिलाच प्रश्न असा की, 'सर्व माणसे मर्त्य आहेत' ह्या विधानापासून काय निष्पन्न होते ते लिहा. हरिश्चंद्राने तो प्रश्न तीनदा वाचला आणि मोठ्याने गळा काढला. पर्यवेक्षकाने त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. इंटर गेली, फुकट शिक्षणाची सवलत गेली, आणि मग अकराव्या दिवशी दुसरं कार्ड आलं, त्याच अक्षरात. 'माझ्या डोक्यावर कावळा बसला होता. तुझ्या अश्रूंनी संकट टळले. सर्व क्षेम.'

कावळा डोक्यावर बसला की माणूस मरतो, आणि त्यावर उपाय म्हणजे लांबच्या माणसाला मेल्याची खोटी बातमी पाठवायची. तो खरं समजून रडला की मरण फसतं, त्याला वाटतं आपलं काम होऊन गेलं. हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत. हरिश्चंद्रालाही माहीत होतं, म्हणून तक्रार करायला जागा राहिली नाही. खोलीतल्या सोबत्यांनी सहा महिने त्याला पाहिला की काव काव केलं. प्रिन्सिपॉलसाहेबांना त्याने खरं कारण सांगितलं तेव्हा साहेबांनी चष्मा पुसून, "क्रो?" एवढंच विचारलं आणि घंटी वाजवली. एका कावळ्याने बसायला जागा शोधली, आणि दोनशे मैलांवरच्या एका माणसाचं वर्ष फुकट गेलं. आणि त्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीतून उतरून रस्त्याला लागल्यावर हरिश्चंद्राला हेही कळलं की, खरा राग परीक्षेचा नव्हताच. आपण मामांसाठी दहा दिवस रडलो, ते त्या माणसाने अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांसारखं निवांत बसून गोळा केलं. उद्या आपण मेलो तर? रडायला माणसं किती? गिरगावच्या फुटपाथवर त्याने मनाशी यादी करायला घेतली. ती एका नावावर संपली, आणि तेही नाव ज्याला रडवून दाखवावं असं. मामी यादीत नव्हती. मामीने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'ए', नाहीतर 'मुडद्या'. पेजेतलं वरचं पाणी त्याला, तळाचा भात मामांना. उलथण्याचा एक डाग अजून त्याच्या पोटरीवर होता. तेव्हा मामा. मामांना दहा दिवस नको, एक तास रडताना बघायचं. आपल्या डोळ्यांनी, लपून. मग समोर जायचं आणि म्हणायचं, 'सर्व क्षेम.'

खोलीतल्या सोबत्याकडून त्याने कार्ड लिहवून घेतलं. सोबत्याने विचारलं, "कशाने मेलास लिहू?" हरिश्चंद्राने पटकी, विषमज्वर आणि ट्राम ह्यांचा साधकबाधक विचार करून विषमज्वर निवडला, कारण ट्राममध्ये आपली चूक निघाली असती. शुक्रवारी कार्ड टाकलं. सोमवारी डेकचं तिकीट, फडक्यात कच्चे पोहे आणि गूळ, जाऊन येऊन तीन दिवस, एवढ्या बेताने तो आगबोटीवर चढला. डेकवर कोंबड्यांच्या दोन टोपल्यांमध्ये त्याला जागा मिळाली. रात्रभर यंत्राची धडधड पाठीच्या कण्यातून वर चढत होती आणि तो मामांना रडवत होता. वेगवेगळ्या तऱ्हांनी रडवत होता. ओटीवर गडाबडा, खांबाला धरून, कौलांच्या थप्पीवर डोकं आपटून. एकदा तर मामा इतके रडले की त्यांना आवरायला माणसं बोलवावी लागली. तेव्हा त्याला थोडं वाईट वाटलं आणि त्याने गूळ खाल्ला.

रत्नागिरीला आगबोट धक्क्याला लागत नाही. लांब उभी राहते आणि उतारू न्यायला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येतात. उन्हं चांगली वर आल्यावर हरिश्चंद्र तोंडाला मफलर गुंडाळून दोराच्या शिडीवरून पडावात उतरला. पडाववाला धाकू म्हणून कोणी नवा माणूस होता. त्याने एक वल्हं मारलं आणि विचारलं, "तोंड कशाक बांधलंत?" "दाढ दुखते." "मंग लवंग धरा. कुणाकडं आलांव?" हरिश्चंद्राने सहज म्हणून सांगितलं, की कौलं बघायची आहेत, विठूशेटकडची. त्याबरोबर धाकूने वल्हं सोडलं आणि मांडीवर थाप मारली. "अवो, त्यांची काय गंमत! त्यांच्या भाच्याक ममईत कावळा बसला! परवा कार्ड आलं, भाचा मेला म्हणून. शेटनी वाचलान् नि बंदरावर सगळ्यांक दाखवलान्. म्हणाले, बघा, शिकलेला झाला तरी आपली रीत इसरला नाय." पडावातल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हणाली, "रडले का मंग?" "कशाचं रडतायत! त्याच दिवशी वखारीत बांगडं भाजून खाल्लान्!" समुद्र एकदम फार सपाट दिसायला लागला. हरिश्चंद्राला मफलरच्या आत स्वतःचा श्वास लागत होता, गुळाचा आणि कोळशाचा. आपण मेलो, आणि त्याचे बांगडे झाले. ह्या गावात माणसाला मरायचीही सोय राहिली नाही. एकदा कावळ्याची ओळख झाली की पुढे जो मरेल तो कावळ्याच्याच खाती.

कौलांची वखार खाडीच्या तोंडाशी होती. हरिश्चंद्र मागच्या दगडी गडग्यावरून आत उतरला आणि कौलांच्या दोन थप्प्यांमधल्या बोळात उभा राहिला. लहानपणी तो इथे मोडी गिरवायला बसे. कौलांचा तोच भाजका, कोरडा वास. पलीकडे मामा पाट मांडून बसले होते, तसेच, फक्त मानेची कातडी थोडी सैल. समोर त्यांचा हमाल बाबल्या उकिडवा बसून विडी ओढत होता. हरिश्चंद्राला हसू ऐकायचं होतं, म्हणजे राग पुरता पेटला असता. पण मामा हसत नव्हते. कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून, कुंथल्यासारखं तोंड करून बसले होते. "येत नाय रे बाबल्या," शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "दोन दिवस बघतोय. टिपूस येत नाय." बाबल्या म्हणाला, "त्याचं मडं डोळ्यांम्होरं आणा." "आणलं." "मंग?" "ते हसतंय." बाबल्याने विडी विझवली आणि गंभीरपणे सांगितलं, "मंग माझी म्हस आणा. ती गेली तवा मी तीन दिस रडत व्हतो." मामा भडकले. "अरे, म्हशीवर रडून भाच्याचं मरण कसं टळेल? तुला डोकं आहे का? पोराच्या तिकडे जिवावर बेतलंय, कावळा काय रोज बसतो? इथून कोणी खरं रडायला हवं. मला माहीत आहे ते खोटं आहे, आता कसा रडू?" मग आवाज उतरवून ते म्हणाले, "म्हणून तर घरात हिला खरं नाय सांगितलं. ती समजतेय, मेला. ती रडतेय ते लागू पडेल. म्हणून मी निर्धास्त."

बोळात उभ्या असलेल्या हरिश्चंद्राच्या रागाची मोठी पंचाईत झाली. ज्याच्यावर सूड उगवायचा, तो डोळे मिटून आपल्याला वाचवायला कुंथतोय. असल्या माणसावर रागवायचं म्हणजे उतारावरून पाणी वर चढवायचं. पण वर्षभराचा राग असा कौलावरच्या धुळीसारखा झटकून जात नाही, त्याला बसायला दुसरी जागा लागते. आणि ती त्याला तत्काळ सापडली. मामी. मामी रडतेय म्हणे! हा शुद्ध नवऱ्याचा भोळेपणा. ती चुलीपाशी बसून तळाचा भात खात असणार, आणि मामा निर्धास्त. म्हणजे खरोखर कावळा बसला असता, तर ह्या घराच्या भरवशावर आपण मेलोच होतो. ह्या विचाराने त्याला जवळजवळ आनंद झाला. तो माडांच्या आडून, ओल्या पुळणीतून, चपला हातात घेऊन घराकडे निघाला. पाय आपोआप चालत होते. शाळेतून मार खाऊन येताना ह्याच वाटेने ते हळू चालत, आज भरभर चालत होते.

मामी परसात होती. ती रडत नव्हती, आणि हरिश्चंद्र, 'बघा!' असं मनात म्हणणार तोच ती बोलायला लागली. तिचे केस सुटलेले होते, दोन दिवसांचे, आणि घसा बसून आवाजाची नुसती साल राहिली होती. सुतकात देवाला शिवायचं नाही म्हणून ती अंगणाच्या कडेला लांब उभी राहून, देवळाच्या दिशेने हात जोडून गाऱ्हाणं घालत होती. गाऱ्हाणं घालायला एक माणूस लागतो आणि मागे 'होय म्हाराजा' म्हणायला दहा. मामी एकटी होती. तेव्हा दोन्ही तीच म्हणत होती. "बा भैरीबुवा! माझा पोर खाल्लान् कुणीतरी. होय म्हाराजा. पोटचा नव्हता, पण माझा व्हता. होय म्हाराजा. ताप आला तर मला कळवलं नाय, मी त्याच्या पायाला कांदा बांधला असता. होय म्हाराजा. ज्याच्यापायी माझा हरी मेला, त्याचं वाटोळं कर. त्याच्या घरावर कौल ठेवू नको. त्याला अन्न गोड लागू देऊ नको. त्याच्या मढ्यावर रडायला माणूस ठेवू नको. होय म्हाराजा, होय म्हाराजा." एवढं म्हणून ती थांबली, पदराने नाक पुसलं, आणि काही विसरलं तर नाही ना अशा चेहऱ्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली.

फणसाच्या बुंध्याआड हरिश्चंद्र हे सगळं ऐकत होता. हरी, असं ती म्हणाली होती. हे नाव तिच्याकडे होतं आणि इतकी वर्षं तिने ते काढलं नव्हतं, सणाच्या भांड्यासारखं.  आणि त्याच वेळी, शिकलेला माणूस असल्यामुळे, त्याच्या हेही ध्यानात आलं की हरीला मारणारा मुंबईत राहणारा हरिश्चंद्रच आहे, आणि भैरीबुवाकडे आता त्याच्यावरचा खटला रीतसर दाखल होतो आहे. पुरावा पक्का होता. तिसऱ्यांदा दाखल होण्याआधी तो बुंध्याआडून बाहेर आला.

मामीने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात. सुलटे दिसल्यावर तिने वर तोंडाकडे पाहिलं, मफलर ओढून काढला, मिशी नसलेला ओठ पाहिला, आणि देवापुढे जोडलेल्या त्याच हाताने सणसणीत दोन लगावल्या. मग त्याचा सदरा तिने मुठीत घट्ट धरला.  "मेला नाहीस?" "नाही." "कावळा?" हरिश्चंद्राच्या तोंडावर 'होय' आलं होतं, ते सगळ्यात सोपं होतं. पण तिच्या बसलेल्या घशापुढे त्याला खोटं बोलता आलं नाही. "कावळाबिवळा नाही. मामांनी मला रडवलं होतं, म्हणून." मामी ओटीच्या पायरीवर बसली. "त्यांनाही बसला नव्हता," ती म्हणाली. "काय?" "कावळा. गेल्या साली. कुठला कावळा नि कुठलं काय! ह्यांना बघायचं व्हतं, मागं कोण रडतं ते. मूल ना बाळ. मी म्हटलं, असला चाळा नको. ऐकलान् नाय. तुझं ते शाई फुटलेलं पत्र आलं, ते सहा महिने खिशात घालून सगळ्या मांडवीला वाचून दाखवलान्. वाचायला काय, अक्षर दिसत नव्हतंच. डाग दाखवायचे."

 एका डागाळलेल्या कागदासाठी इंटर. वखारीच्या बोळात विझलेलं हरिश्चंद्राच्या अंगात भसकन पेटलं, आणि त्याला अतिशय बरं वाटलं. तो म्हणाला, "आणि आता माझं खोटं आहे हे त्यांना ठाऊक आहे, मामी. कार्ड आल्याबरोबरच ठाऊक होतं. बंदरावर सगळ्यांना सांगितलं. तुला तेवढं सांगितलं नाही, तू रडावीस म्हणून." मामीने हे सावकाश ऐकलं. तिने विचारलं, "बंदरावर सगळ्यांना?" "पडाववाल्यालासुद्धा." "दोन दिवस मी चूल पेटवली नाय," मामी म्हणाली. "म्हटलं, हे बाहेर जाऊन उपाशी बसत असतील." "बांगडे," हरिश्चंद्र म्हणाला. एवढा एकच शब्द तो बोलला. मामी उठली, केस बांधले, पदर खोचला, आणि मनगटाला धरून त्याला स्वयंपाकघरात, तांदळाच्या कणगीमागच्या अंधारात नेऊन उभा केला. "हूं की चूं करायचं नाय."

मामा दुपारी आले, पाय धुतले, आणि आत बघून बायकोचा कोरडा चेहरा दिसताच काळजीने म्हणाले, "गंगे, थांबलीस का गो? रड, रड. मन मोकळं करावं माणसानं." मामी दारात उभी राहून म्हणाली, "तार आली." "कसली तार?" "हरीची. गेला म्हणून. तारेच्या शिपायानं वाचून दाखवलान्, मी फाडून टाकली. घरात ठेवू नये." मामा हसले. कणगीमागे हरिश्चंद्राला ते हसू नीट ऐकू आलं. "अगो वेडे, ते कावळ्याचं..." इथवर बोलून ते थांबले. विठूशेट हिशेबी माणूस. कावळ्यासाठी माणूस कार्ड टाकतो, तार करत नाही. तारेला शब्दागणिक पैसे पडतात, आणि हरश्या मामाच्या घरात वाढलेला. हे सगळं त्यांच्या डोक्यातून एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं, ते ऐकू आल्यासारखं हरिश्चंद्राला कळलं. "तार," मामा परत म्हणाले. "म्हणजे कार्ड टाकलं तेव्हा जिवंत व्हता. आजारी व्हता. आणि मी..." पुढे शब्द आला नाही. आला तो आवाज, लाकडी पेटीचं गंजलेलं झाकण उघडावं तसा, आणि मग ते झाकण मिटेना. रात्रभर बोटीवर हरिश्चंद्राने मामांना इतक्या तऱ्हांनी रडवलं होतं, त्यांतली ही एकही नव्हती. खांब नाही, गडाबडा नाही. ते बसलेही नव्हते. ओटीच्या मध्ये उभ्याउभ्या, हात लोंबते सोडून, तोंड उघडं ठेवून रडत होते, देवळाच्या गर्दीत हरवलेल्या माणसासारखे.

वर्षभर हवं होतं ते मिळालं होतं. हरिश्चंद्राने त्याची चव घेऊन पाहिली. पहिले काही क्षण ती फारच चांगली होती, मान्य केलं पाहिजे. मग त्याच्या लक्षात आलं की आपलं झालं, पुरे, आता 'सर्व क्षेम' म्हणायची वेळ. तो कणगीमागून पुढे सरकला. बाहेर मामा म्हणत होते, "तू का नाय गो रडत? गंगे, तू का नाय रडत?" "माझं झालं," मामी म्हणाली. "दोन दिवस झालं. आता तुम्ही." आणि पाणी घ्यायला म्हणून ती आत आली. हरिश्चंद्र तोंड उघडणार तोच तिने तळहात त्याच्या तोंडावर दाबला. हाताला राखेचा वास होता. तो डोळ्यांनी म्हणाला, पुरे. तिने मान हलवली. "दोन दिवस," ती कुजबुजली. "एक घटका कमी नाय." त्याने तिचा हात सोडवायला पाहिलं. जात्यावर दळणारा हात होता तो, हलला नाही. बाहेरून मामांनी हाक मारली, शब्द नीट फुटत नव्हते. "गंगे, तिकडे ममईत... त्याच्यासाठी कोणी रडलं असेल का गो?" मामीने हरिश्चंद्राच्या डोळ्यांत बघितलं, आणि तोंड दाराकडे करून मोठ्याने सांगितलं, "कुणी नाय." ओटीवरचा आवाज वाढला. मग तिने तोंड त्याच्या कानाशी आणलं. "ऐकतोयस ना? एवढ्यासाठीच आलास ना शिंच्या, बोटीत बसून? ऐक मंग. पोट भरेस्तोवर ऐक."

आणि हरिश्चंद्र ऐकत राहिला. तो मेलेला होता, त्याला बोलायचा अधिकार नव्हता.